लोकल पकडून डोंगरात जॉगिंगला जायचंय? आधी एवढं वाचा

मे महिना, सकाळचे साडेनऊ, नेरळ-माथेरान घाट. शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती रोज पाच-सहा राउंड मारणारा मी, म्हणजे स्वतःला रनर समजणारा, दुसऱ्या-तिसऱ्या वळणावरच दगडावर बसलो होतो, बाटली संपलेली, डोकं गरगरतंय, आणि बाजूने एक मावशी करवंदांची पाटी डोक्यावर घेऊन झपझप वर चालल्या होत्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "उतर रे बाबा खाली, ऊन चढलंय." उतरलो.

त्याला आता पाच-सहा वर्षं झाली. हल्ली महिन्यातले दोन रविवार तरी मी नेरळ, कर्जत नाहीतर आसनगावच्या बाजूला असतो. मधल्या काळात पाय मुरगळून झाला, वाट चुकून झाली, मेगाब्लॉकात, म्हणजे रविवारी रुळांच्या कामासाठी गाड्या बंद ठेवतात त्यात, अडकून झालं. दर पावसाळ्यात ओळखीतलं कोणीतरी विचारतंच की आम्हालाही यायचंय, सुरुवात कशी करू, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. हे ट्रेकिंग नाही हां, किल्ले-सुळके यात नाहीत. गावातले रस्ते, घाटरस्ते, बैलगाडीच्या वाटा, यांवर निवांत पळायचं, एवढाच विषय आहे.

१. डायरेक्ट कर्जत नको, आधी घराजवळचा चढ

मुंबईच्या रनर लोकांचा चढ म्हणजे पेडर रोड. जानेवारीच्या मॅरेथॉनला त्याची काय ती दहशत असते. घाटात एकदा जाऊन आलात की पेडर रोड म्हणजे मोठा स्पीडब्रेकर वाटायला लागतो. तरी पण पहिले दीड-दोन महिने चढ इथेच शोधा.

बोरिवलीचं नॅशनल पार्क सगळ्यात बेस्ट. मेन गेटपासून कान्हेरी लेण्यांपर्यंत एका बाजूचं अंतर साधारण सहा-सात किमी आहे, बराचसा रस्ता सावलीचा आणि शेवटी खरा चढ लागतो. सोमवारी पार्क बंद, हे विसरून मी एकदा गेटवरून परत आलोय. सकाळी नियमित येणाऱ्यांसाठी पास मिळतो, गेटवरच चौकशी करा.

आरे कॉलनीतले रस्ते वरखाली आहेत, सवयीला मस्त, पण गाड्या फार आणि अंधारात जायचं नाही. बिबट्या ही तिथे गोष्टीतली भानगड नाही, तो खरोखर तिथेच राहतो. ठाण्याकडच्यांना येऊर आहे, उपवन तलावापासून वर जाणारा छोटासा घाट, वळणं पण आहेत आणि चढ पण. तिथेही पूर्ण उजाडल्याशिवाय नको, कारण येऊरचं जंगल म्हणजे नॅशनल पार्कचीच मागची बाजू.

यातलं काहीही न थांबता म्हणा, थोडं चालत म्हणा, तासभर जमलं की मग लोकलचं तिकीट काढा.

२. रूट ठरवताना किमी बघू नका, चढ बघा

नवीन माणूस हमखास इथेच फसतो. "मी रोज दहा किमी पळतो, मग नेरळ ते दस्तुरी (माथेरानला गाड्या जिथवर जातात तो नाका) आठ-नऊ किमी काय मोठंसं." अहो पण नेरळ जवळपास समुद्रसपाटीलाच आहे आणि माथेरान सुमारे ८०० मीटरवर, म्हणजे त्या आठ-नऊ किमीत तुम्ही सातशेच्या आसपास मीटर वर चढताय. माझा कच्चा हिशोब असा की दर १०० मीटर चढाला पाऊण ते एक किमी जास्तीचा धरायचा. त्या हिशोबाने हा घाट पंधरा-सोळा किमीचा झाला, आणि ते पण फक्त वर जायचे.

पहिल्या चार-पाच रनना एकूण चढ २०० मीटरच्या आत ठेवा. फोनवरच्या रनिंग अॅपमध्ये रूट आखला की एकूण चढ दिसतो, आणि कंटूरवाला, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषा काढलेला, नकाशा बघायची सवय लावून घ्या, रेषा जिथे एकमेकींना चिकटल्यात तिथे तुम्ही पळणार नाही, चालणार आहात. तो नकाशा ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा, कारण डोंगराच्या आड गेलं की रेंज गुल.

आणि नकाशावरच्या सगळ्या रस्त्यांवर विश्वास ठेवू नका. कर्जत साइडला आता इतके फार्महाऊस झालेत की नकाशात दिसणारी जुनी गाडीवाट जाऊन एका गेटला आपटते, आत दोन कुत्रे आणि वॉचमन. आदल्या दिवशी सॅटेलाइट व्ह्यूमध्ये अख्खा रूट एकदा बोटाने फिरून बघा, कंपाउंडच्या भिंती त्यात दिसतात.

दुसरी फसवणूक ढोरवाटेची. गुरं चरायला जातात त्यांच्या पायाने पडलेली वाट. दिसायला इतकी छान, मळलेली, आणि हळूच खऱ्या वाटेपासून फुटते. अर्धा किमी पुढे गेल्यावर ती झुडपात विरून जाते, कारण गाईला कुठे पोचायचं नसतं, तिला चरायचं असतं. मी एकदा अशा वाटेने पाऊण तास भरकटलो आणि गुरांमागच्या एका पोराने बाहेर काढलं, ते पण पोट धरून हसत. ओळखायची खूण म्हणजे वाट सारखी फाटे फोडायला लागली आणि फांद्या तुमच्या कमरेएवढ्या उंचीवर आडव्या यायला लागल्या की समजायचं ही माणसांची नाही. शेवटचा नक्की असलेला फाटा गाठा, म्हणजे मागे फिरा. पुढे कुठेतरी निघेल, असं म्हणायचं नाही.

३. कुठल्या महिन्यात काय

नोव्हेंबर ते फेब्रुवारी डोळे झाकून जा. भातकापणी झालेली असते, हवा कोरडी, कुठेकुठे शेतात वालाचा वेल धरलेला. नोव्हेंबरमध्ये फक्त एक काळजी, गवत गुडघ्यापर्यंत असतं आणि खालचे दगड दिसत नाहीत, त्यामुळे पायवाटेपेक्षा रस्ता बरा.

मार्च ते मे साडेसहाला सुरू आणि साडेआठला सावलीत. माझी मावशीवाली गोष्ट वर सांगितलीच. या दिवसांत वणवे पण लागतात, डोंगरउतारावर धूर दिसला तर त्या बाजूला जाऊच नका.

पावसाळा. आता इथे मी थोडा वाईटपणा घेतो. सगळ्यांना पावसाळ्यातच यायचं असतं, आणि दिसतंही तसंच, ढग खाली उतरलेले, प्रत्येक घळीतून पाणी, मला मान्य आहे. पण नवीन माणसाने पहिला पावसाळा डांबरी रस्त्यावरच काढावा. कातळावरचं शेवाळ बुटाला जुमानत नाही, कितीही महागडा बूट असू दे. सिमेंटच्या गावरस्त्यांवर पण ते धरतं, आणि माथेरानात काही रस्त्यांवर ब्लॉक बसवलेत ते ओले झाले की पाय सटकतो. धबधबे, धरणं या ठिकाणी जिल्हाधिकारी दरवर्षी मनाई आदेश काढतात, निघायच्या आधी बातम्या बघा, नाहीतर बदलापूरहून कोंडेश्वरला म्हणून निघाल आणि पोलिस अर्ध्यातून परत पाठवतील. आणि खरं सांगायचं तर बरंच करतील, तिथे बुडून माणसं गेलीयत. ओढा ओलांडायची वेळ आली आणि पाणी गढूळ झालेलं दिसलं, तर वर कुठेतरी पाऊस झालाय, मागे फिरायचं.

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर सुरुवात हा माझा आवडता काळ. पाऊस सरलेला, सगळं हिरवं, गर्दी घरी गेलेली.

४. सोबत काय न्यायचं

• पाणी, थंडीत लिटरभर, उन्हाळ्यात दोन लिटर. हातात बाटली घेऊन डोंगरात पळू नका, पडलात तर हात मोकळे हवेत. पाठीला चिकटून बसणारी छोटी सॅक घ्या.
• ओआरएसची दोन पाकिटं, गूळ-शेंगदाणे किंवा चिक्की, थोडं खारं काहीतरी.
• बूट. डांबरी घाटाला तुमचे रोजचे चालतात. मुरूम, माती, दगडाच्या वाटेला खाली खोल खाचा असलेले ट्रेलचे बूट. नवे बूट थेट डोंगरात घालू नका, आधी आठवडाभर खाली वापरा.
• सुटे पैसे. शंभरच्या तीन-चार, बाकी दहा-वीसच्या नोटा. रेंज नाही तिथे यूपीआय नाही, आणि सरबतवाल्या काकूंकडे पाचशेचे सुटे नसतात.
• आधार कार्डाची झेरॉक्स, आणि एका कागदावर नाव, रक्तगट, घरच्यांचा नंबर, प्लास्टिकच्या पिशवीत. फोन लॉक असतो, तुम्ही बेशुद्ध असाल तर तो काय कामाचा.
• क्रेप बँडेज, शिट्टी, छोटा टॉर्च.
• लोकलसाठी एक कोरडा टीशर्ट. हा तुमच्यासाठी नाही, शेजारी बसणाऱ्यासाठी आहे.

आणि घरी कोणाला तरी मेसेज, कुठून सुरू, कुठे संपणार, किती वाजता फोन करणार. पहिले सहा महिने एकटं जायचंच नाही, दोघं तरी हवेत.

५. लोकलचं गणित

सीएसएमटीहून कर्जतला दोन तासांच्या वर लागतात, नेरळला थोडे कमी. म्हणजे सकाळी सातला पळायला सुरुवात करायची तर अगदी पहाटेची गाडी, नाहीतर शनिवारी रात्री तिकडेच मुक्काम. ठाणे-डोंबिवलीवाल्यांची इथे मजा आहे, दादरवाल्यांनी झोप गाडीत पूर्ण करावी.

कर्जत आणि कसारा दोन्ही बाजूंच्या गाड्या कल्याणनंतर विरळ होतात, एक चुकली की मोठा गॅप. त्यामुळे परतीच्या दोन गाड्यांच्या वेळा लिहून न्या आणि रिटर्न तिकीट सकाळीच काढा. रविवारी निघायच्या आदल्या दिवशी मेगाब्लॉक कुठे आहे ते बघायचंच, तो बहुतेक वेळा सकाळी उशिरा सुरू होऊन दुपारी संपतो, म्हणजे बरोब्बर तुम्ही थकून परत येता त्या वेळेला. एकदा मी तीन तासांचा प्रवास पाय आखडलेल्या अवस्थेत उभ्याने केलाय. तेव्हापासून कर्जत स्टेशनवर वडा खायला वेळ ठेवून पण साडेदहाच्या आत गाडीत बसायचं, असा नियम.

६. चढ चालायचा, उतार सांभाळायचा

चढावर चालणं म्हणजे हार नाही. मी हे मोठ्याने बोलतो कारण मुंबईच्या माणसाला घड्याळातला पेस, म्हणजे पळण्याचा वेग, खाली गेला की लाज वाटते. डोंगरात पेस बंद करून टाका, स्क्रीनवर फक्त वेळ ठेवा. बाजूच्याशी अख्खं वाक्य बोलता येत नसेल तर चाला. पावलं छोटी, नजर पाच-सहा पावलं पुढे, कमरेतून वाकायचं नाही. तीव्र चढ आला की हात मांड्यांवर टेकून चालायचं, गावातले म्हातारे असेच चढतात.

उतार मात्र सोपा वाटतो आणि तोच मारतो. माझा पाय मुरगळला तो उतारावर, शेवटच्या किमीत, समोर स्टेशन दिसत असताना. दम लागत नाही म्हणून आपण लांब ढांगा टाकतो, टाच आपटते, गुडघ्याला ब्रेक लावावा लागतो. उतारावर पण पावलं छोटी आणि भरभर, शरीर मागे झुकवू नका, गुडघे किंचित मोकळे. घसारा असेल, म्हणजे सुटी माती आणि बारीक खडी, तर सरळ चालत उतरा.

घाटरस्त्यावर समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने, म्हणजे उजवीकडून पळा. फक्त आंधळ्या वळणावर बाहेरच्या कडेला जा, आतल्या बाजूने पळालात तर ड्रायव्हरला तुम्ही शेवटच्या क्षणी दिसता. इअरफोन दोन्ही कानांत नकोच, नेरळ घाटातल्या टॅक्सीवाल्यांची हॉर्न हीच भाषा आहे.

७. ते तुमचं ग्राउंड नाही, कोणाचं तरी अंगण आहे

गावात शिरताना पळणं थांबवा आणि चाला. अंगणात आजोबा बसलेले असतात, बाई भांडी घासत असते, आणि तुम्ही भडक रंगाची चड्डी घालून धाडधाड मधून जाताय, बरं दिसत नाही. थांबून "काका, ही वाट पुढे निघते का" एवढं विचारलं तरी अर्धं काम होतं. त्यांनी "जाऊ नका" म्हटलं तर जाऊ नका, कारण विचारत बसू नका. अंतर मात्र त्यांच्याकडून घेऊ नका, "हे काय, इथंच आहे" याचा अर्थ अर्ध्या तासापासून दीड तासापर्यंत काहीही होतो.

भाताच्या बांधावरून पळायचं नाही. ओला बांध खचला तर खाचरातलं पाणी निघून जातं आणि त्या शेतकऱ्याची मेहनत गेली. आंबा, करवंद, चिंच दिसलं म्हणून तोडू नका, पाडावरच्या पोरांचा तो सीझनचा धंदा असतो, त्यांच्याकडून विकत घ्या. वाडीतल्या बायकांचे फोटो काढू नका. एवढं सांगायची गरज नसावी, पण आहे.

८. कुत्रे आणि साप

वाडीचा कुत्रा भुंकत अंगावर आला तर पळायचं नाही, अगदी रनर असलात तरी. थांबा, त्याच्याकडे पाठ करू नका, दगड उचलल्यासारखं खाली वाका, बहुतेक वेळा एवढ्यावर तो मागे सरतो. मग हळूहळू चालत निघा. चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. हळद-चुना काही लावायचं नाही.

सापांत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार महत्त्वाचे विषारी. घोणस-फुरसं पायवाटेच्या कडेला पाचोळ्यात पडून असतात आणि रंगाने दिसत नाहीत, म्हणून गवतात, पाचोळ्यात पाय न बघता टाकू नका, बसताना दगडाखाली हात घालू नका. दंश झाला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. अंगठी-घड्याळ काढा, तो पाय हलवू न देता माणसाला आडवं ठेवा, १०८ ला फोन करा आणि प्रतिविष मिळेल अशा सरकारी रुग्णालयात पोचवा. मांत्रिकाकडे नेऊया असं कोणी म्हणालं तर हात जोडा आणि निघा. मला इतक्या वर्षांत तीनदाच साप दिसला, तिन्ही वेळा तोच आधी पळाला.

९. सुरुवातीचे चार रूट, माझ्या पसंतीच्या क्रमाने

आसनगाव ते माहुली गाव. स्टेशनपासून साधारण पाच-सहा किमी, चढ अगदी कमी, समोर माहुलीची रांग. नाशिक हायवे ओलांडावा लागतो तेवढं जपून. किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत जायचं आणि परत फिरायचं.

कर्जत ते कोंदिवडे. कोंढाणे लेण्यांच्या पायथ्याचं गाव, रस्ता उल्हास नदीच्या खोऱ्यातून वरखाली जातो. समोर राजमाचीचा डोंगर आणि सह्याद्रीची भिंत सतत दिसत राहते. वीकेंडला फार्महाऊसच्या गाड्या सुसाट असतात, आठच्या आत उरका. दमलात तर टमटम मिळते.

माथेरानचं पठार. टॅक्सीने दस्तुरीपर्यंत जा, प्रवेश कर भरा आणि आत पळा. गावात खासगी मोटारगाड्यांना बंदी आहे, लाल मातीच्या वाटा, झाडांचं छप्पर, शार्लोट लेक, लुईझा, इको असे पॉइंट जोडत आठ-दहा किमी आरामात होतात. घोड्यांना रस्ता द्या आणि त्यांच्या मागून एकदम पळत येऊ नका, घोडा बिचकतो. खायचं काही हातात धरलंत तर ते माकडाचं.

नेरळ-माथेरान घाट. हा शेवटी, आधीचे तिन्ही दोन-दोनदा झाल्यावर. पहिल्या वेळी अर्ध्यापर्यंतच जा आणि परत फिरा. वाटेत टॉय ट्रेनचे रूळ दोन-चारदा आडवे येतात, १९०७ पासूनची लाइन आहे ती, रुळांवरून पळायचा मोह होतो, पण पळू नका, खडी आणि स्लीपरमध्ये घोटा जातो. पूर्ण चढून गेलात तर त्याच दिवशी पळत उतरायची हौस नको, खाली यायला टॅक्सी आहे.

पहिल्या डोंगरी रननंतर सोमवारी काही वाटत नाही, मंगळवारी जिना उतरताना मांड्या रडवतात, ते नॉर्मल आहे, उतारामुळे होतं. दोन-तीन दिवस फक्त चाला. गुडघ्यात एका ठिकाणी टोचल्यासारखं दुखत असेल किंवा सूज असेल तर मात्र ते वेगळं, त्याला डॉक्टर. आणि मांड्या शांत झाल्या की परत आसनगावचं तिकीट, सलग तीन-चार महिने असं केलंत तर सातारा हिल हाफचा, म्हणजे साताऱ्याच्या डोंगरी हाफ मॅरेथॉनचा, फॉर्म भरायला हरकत नाही, यवतेश्वरचा घाट आहे तो, आणि तिथे पण चढावर अर्धे लोक चालतच असतात.